आज्जीच्या ओव्यांचे तुकडे: एफएफएमपेगनं व्हिडिओ आणि आवाज एकत्र कसे जोडायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझं आजोळ राधानगरी तालुक्यात. आज्जी आता कोल्हापुरात आमच्याकडं मंगळवार पेठेत असते, पण तिचं जातं अजून गावच्या घरीच आहे. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिला म्हटलं, आज्जे एकदा जात्यावर बस आणि येतील तेवढ्या ओव्या म्हण, मी रेकॉर्ड करतो. ती दीड तास बसली. मामेभावाचा कॅमेरा स्टँडवर लावला होता आणि आवाजासाठी छोटा रेकॉर्डर जात्याच्या बाजूला पाटावर ठेवला होता, कारण कॅमेऱ्याच्या माइकमध्ये जात्याची घरघरच जास्त येते, शब्द कळत नाहीत.

कोल्हापूरला येऊन कार्ड उघडलं तर व्हिडिओच्या पाच फाइली आणि आवाजाची वेगळी एक. सगळ्यांना पाठवायचं म्हणून आधी एका दुकानात जोडायला दिलं. त्यांनी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एक्सपोर्ट करून दिलं, 19 जीबीचं दीड जीबी झालं. घरी लावून बघितलं तर आज्जीचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत, सुरकुत्या गेल्या, आणि जात्याच्या कडेनं पीठ पडताना खिडकीच्या उजेडात जो बारीक धुरळा उठत होता तो तर पार पुसला गेला होता. ते बघून फार वाईट वाटलं. नुसतं जोडायचं होतं ना, मग चित्र परत नव्यानं का बनवलं? तिथनं मी एफएफएमपेग शिकलो. कमांड टाइप करून व्हिडिओ-आवाजाचं काम करून घ्यायचं हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, 2000 साली फॅब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलेलं, आणि आज व्हिडिओच्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात हेच चालतंय. ह्यात एक शब्द आहे, कॉपी, आणि हा सगळा लेख त्या एका शब्दासाठी आहे म्हटलं तरी चालेल.

आधी लिहिण्याची पद्धत सांगतो

कमांड मी इथं देवनागरीत लिहिल्यात, फोनवर एखाद्याला सांगावं तशा. मशीनवर टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरात टाकायच्या, आणि डॅश, कोलन, टिंब, स्पेस सगळं जिथल्या तिथं. एफएफएमपेग म्हणजे एफ एफ एम पी ई जी. -आय म्हणजे डॅश आणि लगेच आय, मध्ये जागा नाही. कॉनकॅट म्हणजे सी ओ एन सी ए टी. मॅप म्हणजे एम ए पी. फाइलींची नावं मी मराठीत दिलीत पण तुम्ही तुमच्या फाइलींना इंग्रजी अक्षरात, मधे स्पेस न ठेवता नाव द्या, निम्मा त्रास तिथंच वाचतो.

इन्स्टॉल करायला विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून विंगेट इन्स्टॉल एफएफएमपेग, उबुंटूवर सुडो एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग, मॅकवर होमब्रू असेल तर ब्रू इन्स्टॉल एफएफएमपेग. झालं की खिडकी बंद करून परत उघडा आणि हे टाका:

एफएफएमपेग -व्हर्जन

आकडे आणि भलीमोठी माहिती आली की आलं समजायचं. "ओळखत नाही" असा मेसेज आला तर बहुतेक वेळा जुनीच खिडकी उघडी राहिलेली असते.

आता सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आणा. कार्डावरून थेट काम करू नका, कार्डातलं आधी कॉपी करून घ्या आणि काम सगळं होईपर्यंत कार्डाला हात लावू नका. विंडोजवर त्या फोल्डरमध्ये जाऊन वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर मारलं की त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडतो, लांबलचक पत्ते टाइप करत बसायला लागत नाही. आणि एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मधनं फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील असं करून ठेवा, का ते पुढं येतंय.

डबा वेगळा, आतलं वेगळं

एमपी4 हा नुसता डबा आहे. डब्यात एका पुडात चित्र असतं, बहुतेक वेळा एच.264 पद्धतीनं दाबलेलं, दुसऱ्या पुडात आवाज, बहुतेक एएसी, कधी तिसऱ्यात सबटायटल. ह्या एकेका पुडाला स्ट्रीम म्हणतात. एमकेव्ही हाही डबाच, जरा ऐसपैस, त्यात जवळपास काहीही बसतं. तर जोडायचं म्हणजे पुडातलं काढून दुसऱ्या डब्यात भरायचं, त्याला परत शिजवायची गरज नसते. दुकानात झालं ते हेच, सगळं परत शिजवलं, आणि प्रत्येक वेळी शिजवताना चित्रातलं काही ना काही जातंच.

तुमच्या डब्यात काय आहे ते बघायला एफएफप्रोब आहे, एफएफएमपेगबरोबरच येतं:

एफएफप्रोब -हाइड_बॅनर भाग01.एमपी4

ह्यात व्हिडिओ लिहिलेली ओळ आणि ऑडिओ लिहिलेली ओळ शोधा. व्हिडिओच्या ओळीत पद्धत, चित्राचा आकार म्हणजे 1920 गुणिले 1080 असं काहीतरी, आणि सेकंदाला किती फ्रेम. ऑडिओच्या ओळीत 48000 किंवा 44100 हर्ट्झ, आणि मोनो का स्टिरिओ. पाचही भागांवर हे चालवून बघा. एकाच कॅमेऱ्यानं एका बैठकीत काढलेलं असेल तर सगळं सारखंच येणार. मधे कुणी फोननं काढलेला तुकडा घुसवला असेल तर तो इथंच सापडतो.

पाच भाग एकापुढं एक

मुळात पाच भाग का झाले? कार्ड एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असलं की त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊच शकत नाही, नेमका आकडा 4,294,967,295 बाइट. कॅमेरा तिथं पोचला की गुपचूप नवी फाइल सुरू करतो. आमच्या सेटिंगला दर वीस मिनिटांनी असं झालं, आणि एक जोड तर ओवीच्या बरोबर मध्ये आलाय.

आता नोटपॅड उघडून यादी करा, प्रत्येक ओळीला एक फाइल:

फाइल 'भाग01.एमपी4'
फाइल 'भाग02.एमपी4'
फाइल 'भाग03.एमपी4'
फाइल 'भाग04.एमपी4'
फाइल 'भाग05.एमपी4'

सुरुवातीचा फाइल हा शब्द इंग्रजी अक्षरात एफ आय एल ई, मग स्पेस, मग साध्या सरळ एकेरी अवतरणात नाव. वळणदार अवतरण चालत नाही, वर्डमधनं किंवा व्हॉट्सॲपवरनं कॉपी केलं तर नेमकं तेच येतं. सेव्ह करताना नाव यादी.टीएक्सटी द्या, एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा, त्यातलं विथ बॉमवालं घेऊ नका, नाहीतर पहिल्याच ओळीला अननोन कीवर्ड म्हणून अडतंय. एक्स्टेन्शन दाखवायला सांगितलं ते ह्याच्यासाठी, ती लपलेली असली की फाइलचं नाव यादी.टीएक्सटी.टीएक्सटी होऊन बसतं आणि मग फाइल सापडत नाही, सापडत नाही म्हणून माणूस तासभर डोकं धरून बसतो.

क्रमाकडं नीट बघा. नावं 1, 2, 10 अशी असली तर बऱ्याच ठिकाणी 1 नंतर 10 लागतं, म्हणून 01, 02 करायचं. गोप्रो कॅमेरावाल्यांनी तर जास्तच, त्याच्या फाइलींच्या नावात आधी तुकड्याचा नंबर आणि मग शूटिंगचा नंबर असतो, त्यामुळं नावानं लावलं की सगळ्या शूटिंगचे पहिले तुकडे एकत्र येतात आणि मग सगळ्यांचे दुसरे. त्याची यादी हातानंच करा.

मग ही कमांड:

एफएफएमपेग -एफ कॉनकॅट -सेफ 0 -आय यादी.टीएक्सटी -सी कॉपी एकत्र.एमपी4

-एफ कॉनकॅट म्हणजे पुढं येतंय ती यादी आहे, व्हिडिओ नाही. -सेफ 0 म्हणजे फाइलींच्या पत्त्यावर शंका घेऊ नको, हे नसलं तर यादीत पूर्ण पत्ते किंवा जरा वेगळी नावं असली की अनसेफ फाइल नेम म्हणून थांबतं. आणि -सी कॉपी म्हणजे पुडातलं जसंच्या तसं उचल. सी म्हणजे कोडेक, चित्र किंवा आवाज दाबायची पद्धत. हे विसरलात तर तो निमूटपणे सगळं परत शिजवायला घेतो, कसला इशारा पण देत नाही. ओळखायची खूण म्हणजे वेळ. कॉपी असेल तर 19 जीबीला पेनड्राइव्हवर फाइल टाकायला लागतात तेवढीच मिनिटं लागतात, पण तासाचा हिशोब दिसायला लागला आणि पंखा ओरडायला लागला तर कंट्रोल सी दाबून थांबवा आणि कमांड परत वाचा.

चालू असताना नॉन मोनोटॉनिक डीटीएस असा एखादा पिवळा मेसेज जोडाच्या ठिकाणी आला तर घाबरू नका, पण तो जोड नंतर डोळ्यानं बघा. ओळीमागून ओळी तसल्याच येत राहिल्या तर भाग एकमेकांशी जुळत नाहीत समजायचं.

बरेच जण सांगतात की विंडोजचं कॉपी /बी किंवा लिनक्सचं कॅट वापरून फाइली एकापुढं एक चिकटवा. एमपी4 ला ते करू नका. प्रत्येक एमपी4 मध्ये आपली स्वतःची अनुक्रमणिका असते, चिकटवलेल्या फाइलीत प्लेअर पहिली अनुक्रमणिका वाचतो आणि पहिला भाग संपला की संपलं म्हणतो, फाइलीचा आकार मात्र पूर्ण दिसतो, त्यामुळं माणूस फसतो आणि मूळ फाइली उडवून टाकतो. ती पद्धत 001, 002 अशा कापलेल्या झिप फाइलींना बरोबर आहे, कारण तिथं खरोखरच एकच फाइल करवतीनं कापल्यासारखी कापलेली असते.

एखादा भाग वेगळ्या मापाचा निघालाच तर फक्त तेवढाच परत बनवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही:

एफएफएमपेग -आय फोन.एमपी4 -व्हीएफ स्केल=1920:1080 -आर 25 -सी:व्ही लिबएक्स264 -सीआरएफ 18 -सी:ए एएसी -एआर 48000 भाग03.एमपी4

आर म्हणजे सेकंदाला फ्रेम आणि एआर म्हणजे आवाजाचे हर्ट्झ, हे आकडे तुमच्या बाकीच्या भागांचे जे असतील ते घाला. मोनो-स्टिरिओचा फरक असेल तर -एसी 1 किंवा -एसी 2 पण जोडायचं. सीआरएफचा आकडा जेवढा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, काही नाही दिलं तर 23 धरतो, ठेवणीतल्या गोष्टीला मी 18 देतो. एवढं करूनही जोडावर चित्र फाटलं तर सरळ सगळेच भाग ह्याच कमांडनं बनवा, तिथं हट्ट करण्यात अर्थ नाही.

आवाज बसवणं, खरं काम हे

पहिल्यांदा मी सरळ दोन फाइली दिल्या, व्हिडिओ आणि रेकॉर्डरचा आवाज, आणि काम झालं म्हणून गावी पाठवून पण दिलं. मामाचा फोन आला, अरे शब्द कुठं कळाय लागलेत. ऐकलं तर कॅमेऱ्याचाच आवाज! कारण असं की तुम्ही काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग स्वतः निवडतो, आणि निवडताना ज्यात चॅनेल जास्त तो आवाज घेतो. कॅमेऱ्याचा स्टिरिओ होता, रेकॉर्डर मी मोनोवर ठेवला होता. म्हणून निवड त्याच्यावर सोडायचीच नाही, मॅपनं हाताला धरून सांगायचं.

मोजणी शून्यापासून. पहिली दिलेली फाइल 0, दुसरी 1. मॅप 0:व्ही:0 म्हणजे पहिल्या फाइलीतलं पहिलं चित्र, मॅप 1:ए:0 म्हणजे दुसऱ्या फाइलीतला पहिला आवाज.

पण त्याआधी दोन्ही एका ठेक्यात आणायला लागतात. बोलपट आले तेव्हापासून शूटिंगला ती काळी-पांढरी पाटी आपटतात ती ह्याच्यासाठीच, पाटी मिटलेली चित्रात दिसते आणि खटका आवाजात ऐकू येतो, दोन्ही जुळवले की बाकी सगळं जुळलं. आपल्या कोल्हापूरला हे काही नवं नाही, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला जाण्याआधी तिचे पहिले बोलपट इथंच झाले, विष्णुपंत दामले आवाजाचं काम बघायचे. माझ्याकडं पाटी नव्हती, पण आज्जीनं बसल्या बसल्या खुंटा ढिला आहे म्हणून वरवंट्यानं दोन ठोके मारले होते, टक टक, आणि शेवटी पीठ भरून झाल्यावर सूप जमिनीवर एकदा आपटलं होतं. ह्याच्यापेक्षा चांगली पाटी मिळाली नसती. तुम्ही रेकॉर्ड करायला बसाल तेव्हा सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी कॅमेऱ्यासमोर वाजवाच.

कॅमेऱ्याचा आवाज वेगळा काढून घ्या:

एफएफएमपेग -आय एकत्र.एमपी4 -व्हीएन कच्चा.डब्ल्यूएव्ही

-व्हीएन म्हणजे चित्र नको. आता ही आणि रेकॉर्डरची फाइल दोन्ही ऑडॅसिटीमध्ये उघडा, तेही फुकट आहे. लाटेसारखं चित्र दिसतं, ठोके असतील तिथं सुईसारखं टोक. झूम करून वेळ लिहून घ्या. माझ्याकडं पहिला ठोका कॅमेऱ्यात 6.3 सेकंदाला होता, रेकॉर्डरमध्ये 41.8 ला, म्हणजे रेकॉर्डर 35.5 सेकंद आधी चालू झाला होता, तेवढं सुरुवातीचं सोडून द्यायचं. त्यासाठी त्या फाइलीच्या -आय च्या आधी -एसएस 35.5. उलटं असतं, म्हणजे रेकॉर्डर उशिरा चालू झाला असता, तर त्याच जागी -आयटीएसऑफसेट आणि तेवढे सेकंद. दोन्ही वेळा हे ज्या फाइलीला लागू करायचं तिच्या -आय च्या आधीच लिहायचं, नंतर लिहिलं तर अर्थच बदलतो.

एवढ्यावर दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल तर भागतं. पण दीड तासात दुसरीच गोष्ट होते, आवाज हळूहळू मागं पडायला लागतो. सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर, शेवटी शेवटी आज्जीचं तोंड मिटतंय आणि शब्द नंतर येतोय. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांची घड्याळं वेगळी, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. म्हणून शेवटचा ठोका लागतो. पहिल्या ठोक्यापासून सूप आपटेपर्यंत कॅमेऱ्यात 5280.0 सेकंद झाले, रेकॉर्डरमध्ये 5280.6. रेकॉर्डरच्या आकड्याला कॅमेऱ्याच्या आकड्यानं भागा, 1.000114 येतं. आवाज तेवढा जलद करायचा, कानाला काही कळत नाही. त्या फिल्टरचं नाव एटेम्पो.

सगळं मिळून:

एफएफएमपेग -आय एकत्र.एमपी4 -एसएस 35.5 -आय रेकॉर्डर.डब्ल्यूएव्ही -मॅप 0:व्ही:0 -मॅप 1:ए:0 -सी:व्ही कॉपी -एएफ एटेम्पो=1.000114 -सी:ए एएसी -बी:ए 192के -मूव्हफ्लॅग्स +फास्टस्टार्ट ओव्या.एमपी4

चित्राला कॉपी, आवाजाला मात्र एएसी, कारण एटेम्पो लावायचा तर आवाज नव्यानं बनवायलाच लागतो, आणि डब्ल्यूएव्हीचा कच्चा आवाज एमपी4 मध्ये ठेवला तर बरेच टीव्ही आणि फोन तो वाजवत नाहीत. 192के आवाजाला भरपूर आहे. मूव्हफ्लॅग्स टाइप करताना मूव्ह म्हणजे फक्त एम ओ व्ही, शेवटी ई नाही. फास्टस्टार्ट अनुक्रमणिका फाइलीच्या पुढं आणून ठेवतो, म्हणजे नेटवर टाकली तर पूर्ण उतरायच्या आधी चालू होते.

इंटरनेटवरच्या कमांडमध्ये शेवटी -शॉर्टेस्ट लावलेलं दिसेल. त्याचा अर्थ जे आधी संपेल तिथं सगळं थांबव. रेकॉर्डरची बॅटरी आधी गेली असेल तर चित्रही तिथंच कापलं जाणार, म्हणून मी ते लावत नाही. आणि -वाय पण लावू नका, तो न विचारता जुन्या फाइलीवर नवी लिहितो. विचारू दे की, एक अक्षर दाबायला काय जातंय.

ओव्यांचे शब्द खाली दिसायला

माझ्या मुलीला वैरण म्हणजे जात्यात घालायची धान्याची मूठ हे माहीत नव्हतं, तिला फक्त गुरांची वैरण माहीत. म्हणून मी आज्जीजवळ बसून शब्द लिहून घेतले आणि एसआरटी फाइल केली. साधी टेक्स्ट फाइल असते ती, नंबर, वेळ, ओळ, मग एक रिकामी ओळ. यूटीएफ-8 मध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

एफएफएमपेग -आय ओव्या.एमपी4 -आय ओव्या.एसआरटी -मॅप 0 -मॅप 1 -सी कॉपी -सी:एस मूव्ह_टेक्स्ट -मेटाडेटा:एस:एस:0 लँग्वेज=एमएआर -मूव्हफ्लॅग्स +फास्टस्टार्ट ओव्या_शब्द.एमपी4

एमपी4 च्या डब्यात सबटायटल मूव्ह_टेक्स्ट (इथं पण मूव्ह म्हणजे एम ओ व्ही) ह्याच रूपात बसतं. एम ए आर हा मराठीचा ठरलेला कोड, तो दिला की प्लेअरच्या मेनूत मराठी असं नाव दिसतं. हे शब्द चित्रावर कोरलेले नसतात, पाहिजे तेव्हा चालू-बंद करता येतात, आणि चूक सापडली तर एसआरटी सुधारून मिनिटभरात परत भरता येतं. मी तीनदा भरलंय, कारण आज्जी प्रत्येक वेळी ऐकून म्हणायची, व्हय, पण तिथं मी तसं न्हाई म्हणत.

तपासल्याशिवाय काही उडवू नका

एफएफएमपेग -व्ही एरर -आय ओव्या_शब्द.एमपी4 -एफ नल -

शेवटी नुसता डॅश आहे तो राहू द्या. ही कमांड फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, कुठं लिहीत काही नाही, फक्त चूक असेल तर सांगते. काहीच न बोलता संपली की फाइल धड आहे. त्यानंतर एफएफप्रोबनं एकूण वेळ बघा, पाच भागांच्या वेळांच्या बेरजेएवढी आली पाहिजे, एखादा सेकंद इकडं तिकडं चालतो. मग चारही जोड डोळ्यानं बघा, जोडाच्या पाच सेकंद आधी लावायचं आणि कान देऊन ऐकायचं. आमचा जो जोड ओवीच्या मध्ये होता तिथं मी हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं. कॅमेऱ्याच्या आवाजात तिथं एक बारीक खाच होती, पण रेकॉर्डरचा आवाज सलग असल्यामुळं आता ती ओवी एका दमात येते.

मूळ पाच भाग, रेकॉर्डरची फाइल, यादी आणि वापरलेल्या कमांड एका टेक्स्ट फाइलीत, असं सगळं एका फोल्डरमध्ये घालून दोन ठिकाणी ठेवलंय, एक घरच्या हार्डडिस्कवर आणि एक मामेभावाकडं.

आता राहिला गावचा टीव्ही. मामाला पेनड्राइव्हवर द्यायला गेलो तर फाइल कॉपीच होईना, जागा 64 जीबी मोकळी आणि तरी फाइल मोठी आहे म्हणतंय. तो पेनड्राइव्ह पण एफएटी32, तोच 4 जीबीचा नियम. एक्सफॅटला फॉरमॅट करून बघा, बरेच नवे टीव्ही तो वाचतात, फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं तेवढं लक्षात ठेवा. मामाचा टीव्ही जुना, त्यानं एक्सफॅट ओळखला नाही. मग जोडलेल्या फाइलीचेच परत तुकडे केले, पंधरा-पंधरा मिनिटांचे, चित्राला हात न लावता:

एफएफएमपेग -आय ओव्या.एमपी4 -सी कॉपी -एफ सेगमेंट -सेगमेंट_टाइम 900 -रीसेट_टाइमस्टॅम्प्स 1 गावाला%02डी.एमपी4

900 म्हणजे सेकंद, %02डी च्या जागी तो आपोआप 00, 01 असे आकडे घालतो. हीच कमांड विंडोजच्या बॅच फाइलीत, म्हणजे कमांड साठवून ठेवायच्या फाइलीत, लिहिलीत तर टक्क्याचं चिन्ह दोनदा द्यायला लागतं. काप नेमक्या सेकंदाला पडत नाही, जिथं चित्राची पूर्ण फ्रेम सापडते तिथं पडतो. आणि ओवी मधे तुटू नये वाटत असेल तर -सेगमेंट_टाइम च्या जागी -सेगमेंट_टाइम्स लिहून पुढं तुम्हाला पाहिजे ते सेकंद स्वल्पविराम देऊन लिहा, मी आज्जी वैरण घालायला थांबते त्या जागा बघून ते आकडे घातले.